चासी, मोटर आणि मधला ड्रायव्हर

६० सेंटीमीटर लांबीची एक फळी घ्या. तिचं एक टोक पुस्तकांच्या चळतीवर टेकवून जमिनीपासून १५ सेंटीमीटर उचला. आता खाली दोन छोटे रोबो उभे करा. दोघांची चासी सारखी, पिवळ्या मोटरी सारख्या, चाकं सारखी, चार-चार पेन्सिल सेलसुद्धा एकाच पाकिटातले. दोघांना एकदमच सोडा. एक रोबो सावकाश का होईना, फळी चढून वर जातो. दुसरा पहिल्या वितीतच थांबतो. त्याच्या मोटरी गुणगुणत राहतात, चाकं मात्र हलत नाहीत.

शाळकरी मुलांना रोबो शिकवायला बसलो की पहिल्या दिवशी मी हाच प्रयोग मांडतो. मुलं म्हणतात, मोटर खराब आहे. सोबत आलेले पालक म्हणतात, सेल उतरले असतील. मग मी मोटरी आणि सेल यांची अदलाबदल करून दाखवतो, आणि तरीही तोच रोबो अडतो. फरक आहे तो मधल्या, काड्यापेटीएवढ्या पाटीत. तिला दुकानात ‘मोटर ड्रायव्हर’ म्हणतात. या फळीचं कोडं सुटलं की रोबोसाठी काय घ्यायचं, हा प्रश्नही बराचसा सुटतो. म्हणून हे प्रकरण त्या फळीवरच चढणार आहे.

आधी चासी. हा मूळचा फ्रेंच शब्द, उच्चार ‘शासी’. ट्रकच्या धंद्यात तो ‘चासी’ झाला आणि मला तोच बरा वाटतो, कारण त्यात वजन वाहण्याचा अर्थ मुरलेला आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नवशिक्यासाठी म्हणून ज्या चासी मिळतात, त्यांत दोन प्रकार जास्त खपतात. एक, दोन मोटरींची चाकं आणि तिसरं आपोआप वळणारं छोटं चाक, म्हणजे कॅस्टर. दुसरा, चार मोटरी आणि चार चाकं. चार चाकांचा प्रकार गाडीसारखा दिसतो आणि मुलांचा हात तिकडेच जातो. माझा आग्रह पहिल्या प्रकाराचा आहे.

चुलीला दगड तीनच का मांडतात? तीन टेकूंवर ठेवलेलं भांडं डगमगत नाही. जमीन कितीही ओबडधोबड असो, तीन टोकं एकाच वेळी टेकतातच. चौथं आलं की एखादं अधांतरी राहू शकतं. तुमच्या रोबोचं अधांतरी राहिलेलं चाक जर मोटरीचं असेल, तर तेवढा वेळ ती मोटर हवेत फिरते आणि रोबो भलतीकडेच वळतो. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला विल्यम ग्रे वॉल्टर या मेंदूच्या अभ्यासकाने १९४८-४९ च्या सुमारास एल्मर आणि एल्सी नावाची दोन यांत्रिक कासवं बनवली. उजेडाकडे जाणारी, अडथळ्याला धडकल्यावर बाजू काढणारी ही यंत्रं आजच्या छंदी रोबोंची पूर्वज म्हणता येतील. तीही तीन चाकांचीच होती. त्यांची रचना मात्र वेगळी होती: पुढचं एकच चाक एक मोटर ओढायची आणि तेच चाक दुसरी मोटर वळवायची. आपल्या रोबोत दोन बाजूंची दोन चाकं स्वतंत्र फिरतात. दोन्ही सारख्या वेगाने फिरली की सरळ, एक मंद झालं की वळण, एक पुढे आणि एक मागे फिरलं की जागच्या जागी गिरकी.

चार चाकांच्या चासीत वळणं याहून अवघड जातं. तिथे कोणतंच चाक दिशा बदलत नाही. डाव्या बाजूच्या दोन मोटरी पुढे आणि उजव्या दोन मागे फिरवल्या की चारही चाकं जमिनीवर आडवी घासत गाडी वळते. रणगाडा असाच वळतो. रणगाड्याकडे ताकद असते. आपल्या पिवळ्या मोटरी त्या घासण्यातच दमतात. गुळगुळीत फरशीवर जमून जातं, सतरंजीवर गाडी वळताना अडखळते. शिवाय एका बाजूच्या दोन मोटरी एकाच तारेवर जोडल्या की ड्रायव्हरवरचा भार दुप्पट होतो. पट्ट्यांच्या, म्हणजे टँकसारख्या चासीचंही तसंच. ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या रोबोसाठी राखून ठेवा.

तीन टेकूंच्या चासीत एक गोष्ट मात्र नीट सांभाळावी लागते: वजन कुठे ठेवायचं. बैलगाडीत भार मागे जास्त झाला की गाडी उलार होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला सापत्या कचतात. पुढे जास्त झाला तर सगळं ओझं बैलांच्या मानेवर येतं. जाणता गाडीवान माल असा रचतो की बहुतेक भार आसावर पडावा आणि जूवर थोडासाच राहावा. आपल्या रोबोत कॅस्टर म्हणजे जू. सेलचा डबा हा सर्वांत जड भाग, तो दोन चाकांच्या आसाजवळ, शक्य तितका खाली आणि कॅस्टरच्या बाजूला किंचित सरकवून बांधा. एकूण वजनाचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग मोटरींच्या चाकांवर यावा, असा माझा अंदाज असतो. चाकांवर भार कमी पडला तर ती जागीच घसरतात. कॅस्टरवर काहीच उरलं नाही तर रोबो जोरात निघताना उलार होऊन पाठीवर पडतो. हे तपासायला काटा लागत नाही. कॅस्टर बोटाने उचलून पाहा. ते हलकं लागावं, पण सोडल्यावर पटकन खाली यावं.

चासीचा पत्रा कशाचा, याला लोक फार महत्त्व देतात. मी देत नाही. ॲक्रिलिकची चासी स्वस्त आणि देखणी असते. तिच्यावरचा तपकिरी कागद सोलून काढायचा असतो, हे पुष्कळांना कुणी सांगितलेलंच नसतं. तिचा खरा दोष म्हणजे नट जरा जास्त पिळला की भोकाजवळून तडा जातो. लोखंडी चासी दणकट, पण तिच्यावर आर्डुइनोची, म्हणजे रोबोला हुकूम देणाऱ्या छोट्या संगणकाची, पाटी थेट टेकवली तर खालचे झाळलेले टाके पत्र्याला लागून शॉर्ट होतात. म्हणून मधे प्लॅस्टिकचे स्पेसर हवेतच. पहिल्या रोबोसाठी चार मिलिमीटरचं प्लायवूड किंवा जाड सनबोर्ड कापून घेतलं तरी उत्तम चालतं, आणि त्याचा एक फायदा विकतच्या चासीत नाही: कुठेही भोक पाडता येतं. सेन्सर दोन बोटं पुढे न्यायचा, तर न्या. दोन्ही मोटरी एका रेषेत आणि चाकं एकमेकांना समांतर बसली की निम्मं काम झालं. नाहीतर रोबो कायम एका अंगाला जातो आणि मुलं बिचारी प्रोग्राममधली चूक शोधत बसतात.

आता मोटर. ही पिवळी, प्लॅस्टिकच्या गिअरची मोटर दुकानात ‘बीओ मोटर’ म्हणून मागतात. आत एक लहान डीसी मोटर आणि पुढे १:४८ चे गिअर, म्हणजे आतली मोटर ४८ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा. ६ व्होल्टवर रिकामं चाक मिनिटाला साधारण २०० फेरे घेतं. ६५ मिलिमीटर व्यासाचं चाक एका फेऱ्यात सुमारे २० सेंटीमीटर जातं, तेव्हा सपाट जमिनीवरचा जास्तीत जास्त वेग सेकंदाला ६५-७० सेंटीमीटर. खोलीतल्या रोबोला एवढा पुष्कळ झाला.

वेगापेक्षा महत्त्वाचा आहे टॉर्क, म्हणजे चाक पिळून फिरवण्याचं बळ. आपल्याकडे मोटरीवर तो किलो-सेंटीमीटरमध्ये लिहितात. १ किलो-सेंटीमीटर याचा अर्थ, आसापासून १ सेंटीमीटर अंतरावर १ किलोचं वजन टांगलं तर मोटर ते जेमतेम पेलून धरेल. बीओ मोटर ६ व्होल्टवर साधारण ०.८ किलो-सेंटीमीटरला अडते, थांबते.

हिशेब आपल्या फळीचा करू. रोबोचं वजन सेलसकट ८०० ग्रॅम धरा. फळी ६० लांब, १५ उंच. म्हणजे उंची लांबीच्या एक चतुर्थांश. चढावर वजनाचा तेवढाच भाग रोबोला मागे ओढतो: ८०० चा चौथा हिस्सा, २०० ग्रॅम. चाकं लोळताना होणारा अडथळा वजनाच्या पाच टक्के धरला तर आणखी ४० ग्रॅम. एकूण २४०, दोन चाकांत वाटले तर प्रत्येकी १२०. चाकाची त्रिज्या ३.२५ सेंटीमीटर. १२० गुणिले ३.२५ म्हणजे ३९० ग्रॅम-सेंटीमीटर, जवळजवळ ०.४ किलो-सेंटीमीटर. मोटरीची कमाल ०.८, गरज ०.४. अर्ध्या ताकदीत काम व्हायला हवं. कागदावर दोन्ही रोबो चढतात. (सपाट जमिनीवर हीच गरज ०.०७ च्याही खाली येते. म्हणूनच घरात छान पळणारा रोबो अंगणाच्या चढावर मान टाकतो.)

मग एक अडला का? उत्तर ड्रायव्हरच्या पोटात आहे.

आर्डुइनोच्या एका पायातून २० मिलिॲम्पिअरच्या आसपास वीज घ्यावी, त्याहून जास्त ओढणं त्याला झेपत नाही. बीओ मोटर रिकामी फिरतानाच १५० मिलिॲम्पिअर घेते आणि अडली की दीड ॲम्पिअरपर्यंत जाते. म्हणून मधे कुणीतरी लागतो, जो आर्डुइनोचा बारीक इशारा ऐकून सेलची मोठी धार मोटरीकडे सोडेल. आणि नुसती सोडून भागत नाही, उलटीही सोडता आली पाहिजे, कारण मोटर मागे फिरवायची तर प्रवाहाची दिशा बदलावी लागते.

शेतात ज्याने दारं धरली आहेत त्याला ही रचना लगेच कळेल. वर पाट, खाली ओढा, मधे आडवा वाफा. वाफ्याच्या डाव्या टोकाला एक दार पाटाकडे आणि एक ओढ्याकडे. उजव्या टोकालाही तशीच दोन. वरचं डावं आणि खालचं उजवं दार उघडलं की पाणी वाफ्यातून डावीकडून उजवीकडे जातं. वरचं उजवं आणि खालचं डावं उघडलं की उजवीकडून डावीकडे. वाफा म्हणजे मोटर, पाट म्हणजे सेलचं अधिक टोक, ओढा म्हणजे उणे टोक आणि चार दारं म्हणजे चार ट्रान्झिस्टर. कागदावर काढलं तर इंग्रजी एच अक्षर दिसतं, म्हणून याला एच-ब्रिज म्हणतात. एकाच टोकाची वरची आणि खालची दारं चुकून एकदम उघडली तर पाणी वाफ्याला न शिवता पाटातून थेट ओढ्यात धो-धो जाईल. विजेच्या भाषेत हाच शॉर्ट सर्किट. सुट्या ट्रान्झिस्टरांचा एच-ब्रिज घरी जोडताना ही चूक सहज होते आणि ट्रान्झिस्टर जळतात. म्हणून नवशिक्याने तयार चिपचा ड्रायव्हर घ्यावा. तिच्या आतल्या मांडणीतच ही चूक टाळलेली असते. वेग कमी-जास्त करायला आर्डुइनो ही दारं सेकंदाला शेकडो वेळा उघडतो-मिटतो. त्याच्या बहुतेक पायांवर हा वेग सेकंदाला ४९० वेळा असतो. दार जितका जास्त वेळ उघडं, तितकी मोटर जोरात.

आता फळीकडे परत. आपल्याकडे ‘मोटर ड्रायव्हर द्या’ म्हटलं की काउंटरवर जी पाटी येते ती एल२९८एन. लाल रंगाची, काळ्या ॲल्युमिनियमच्या पंखाची. चिप जुन्या घडणीची आहे आणि तिची दारं डार्लिंग्टन जोडीच्या बायपोलर ट्रान्झिस्टरांची आहेत. अशा प्रत्येक दारातून जाताना वीज एखादा व्होल्ट मागे ठेवते, आणि वाटेत दारं दोन. चिप बनवणाऱ्यांच्याच माहितीपत्रकात एका ॲम्पिअरला एकूण घट १.८ ते ३.२ व्होल्ट दिली आहे. आपण २ धरू. तिकडे चार पेन्सिल सेल मिळून ६ व्होल्ट हे भार नसताना. दोन मोटरी मिळून दीड ॲम्पिअर ओढायला लागल्या की ते ५ च्या आसपास येतात. पाचातून दोन गेले, मोटरीला पोचले ३. व्होल्ट निम्मे झाले की अडण्याचा टॉर्कही निम्मा: ०.८ चा झाला ०.४. गरजही ०.४. बरोबरी झाली की चाक जागचं हलत नाही, नुसतं गुणगुणतं.

चढून गेलेल्या रोबोत टीबी६६१२ ही तोशिबाची चिप आहे. तिची दारं मॉसफेट जातीच्या ट्रान्झिस्टरांची. ती ठरावीक व्होल्ट खात नाहीत. साधारण अर्ध्या ओहमच्या तारेसारखी वागतात. पाऊण ॲम्पिअरला घट ०.४ व्होल्टसुद्धा नाही. मोटरीला ४.६ व्होल्ट मिळतात, टॉर्क ०.६ पर्यंत जातो आणि गरजेपेक्षा दीडपट बळ हाताशी राहतं. कोडं एवढंच होतं. हरवलेले दोन व्होल्ट कुठे गेले, हे पाहायचं असेल तर अडलेल्या रोबोच्या काळ्या पंखाला जपून बोट लावा. पाऊण ॲम्पिअर गुणिले २ व्होल्ट, प्रत्येक मोटरीमागे दीड वॉट उष्णता तिथे निघते आहे.

टीबी६६१२ एका मोटरीला सतत १.२ ॲम्पिअर आणि क्षणभर ३.२ ॲम्पिअर देते. मोटरीसाठी साडेतेरा व्होल्टपर्यंत चालते. तिच्या पाटीवर ‘स्टँडबाय’ नावाचा एक पाय असतो. तो ५ व्होल्टला जोडला नाही तर सगळं बरोबर असूनही काहीच हलत नाही. यापायी कितीतरी संध्याकाळी वाया जाताना मी पाहिल्या आहेत. डीआरव्ही८८३३ ही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप याच जातीची, २.७ व्होल्टपासून चालणारी. तीन पेन्सिल सेलवरच्या छोट्या रोबोला ती छान बसते, पण तिची कमाल १०.८ व्होल्ट, तेव्हा १२ व्होल्टची बॅटरी तिला कधी लावू नका. एल२९३डी आपल्याकडे अजून मुबलक मिळते. तीही जुन्या घडणीची, अडीच व्होल्ट खाणारी आणि एका मोटरीला ६०० मिलिॲम्पिअरच देणारी. बीओ मोटर चढावर लागली की ही मर्यादा ओलांडली जाते. वर्गात एच-ब्रिज समजावून द्यायला ती चांगली आहे. रोबोवर मी ती लावत नाही.

एल२९८ वाईट आहे, असं मात्र कुणी समजू नये. ती ४६ व्होल्टपर्यंत आणि प्रत्येक मोटरीला २ ॲम्पिअर देते, चुकीच्या जोडणीत बराच मार सोसते. १२ व्होल्टच्या, लोखंडी गिअरच्या मोटरी आणि दोन-तीन किलोची लोखंडी चासी असेल तर बारातून दोन गेले तरी दहा उरतात, काही बिघडत नाही. मोटर अडल्यावर दोन ॲम्पिअरच्या आत राहते, एवढं बघा. तिची गाठ ६ व्होल्टच्या सेलशी घालणं, ही चूक आहे. आणि नेमकी हीच जोडी नवशिक्यांच्या संचांत एकत्र बांधून विकली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पहिलाच रोबो अडला की मुलाला वाटतं, आपल्याला जमत नाही.

त्या पाटीत आणखी एक खोच आहे. तिच्यातून ५ व्होल्ट बाहेर निघतात आणि त्यावर आर्डुइनो चालवायचा मोह होतो. पण आतल्या रेग्युलेटरला ५ बाहेर द्यायला आत ७ तरी लागतात. सहाच दिलेत तर बाहेर चारच्या आसपास येतात आणि मोटर सुरू होताच आर्डुइनो बंद पडून पुन्हा सुरू होतो. घरात एल२९८ आधीच असेल तर ती टाकू नका. तिला दोन लिथियम सेल द्या. प्रत्येकी ३.७ प्रमाणे ७.४ व्होल्ट, पूर्ण भरलेले असताना ८.४. दोन वजा केले तरी बीओ मोटरीला साधारण साडेपाच ते साडेसहा मिळतात. हेच सेल टीबी६६१२ ला लावले तर वेग प्रोग्राममध्येच आवरा: पूर्ण वेगाच्या २५५ ऐवजी १८० च्या वर जाऊ नका, म्हणजे मोटरीला सरासरी सहाच्या आसपास मिळतील. लिथियम सेल शॉर्ट झाला तर तार लाल होईपर्यंत प्रवाह देतो. सेल होल्डरमध्येच बसवा आणि अधिक तारेत फ्यूज घाला. लहान मुलांच्या हातात मी अजून पेन्सिल सेलच देतो. नऊ व्होल्टची ती चौकोनी बॅटरी मात्र मोटरीसाठी कुणालाच नको. ती रेडिओ-मीटरसाठी आहे. मोटरीने प्रवाह मागितला की तिचे व्होल्ट लगेच कोसळतात.

जोडणीतली एक चूक इतकी सर्रास होते की ती इथे सांगितलीच पाहिजे. मोटरीचे सेल वेगळे आणि आर्डुइनोची वीज वेगळी असेल, तरी दोघांची उणे टोकं एकमेकांना जोडलेली हवीत. ओढा दोघांचा एकच असला पाहिजे. नाहीतर आर्डुइनोचा इशारा कशाच्या तुलनेत वर गेला की खाली, हे ड्रायव्हरला कळायला मार्गच नसतो. आणि प्रत्येक मोटरीच्या दोन टोकांवर ‘१०४’ छापलेला एक छोटा सिरॅमिक कपॅसिटर झाळून टाका. ब्रशमधल्या ठिणग्यांचा गोंधळ तो तिथेच जिरवतो. बीओ मोटरीची तांब्याची पानं फार नाजूक असतात, तार ओढली गेली की मुळातून तुटतात; म्हणून झाळून झाल्यावर तार केबल टायने मोटरीच्या अंगाला बांधून ठेवा.

राहिला एक आकडा, जो दुकानदार सहसा सांगत नाही आणि खोक्यावर बहुधा नसतो: तुमची मोटर अडल्यावर किती प्रवाह घेते. ड्रायव्हर घ्यायच्या आधी तो घरीच काढा. मल्टिमीटर ओहमवर लावून मोटरीच्या दोन टोकांमधला रोध मोजा. आस जरासा फिरवून पुन्हा मोजा, असं पाच-सहा वेळा, आणि त्यातला सर्वांत लहान आकडा घ्या. मल्टिमीटरच्या दोन काड्या एकमेकींना टेकवून दिसेल तेवढा त्यातून वजा करा. समजा ४ ओहम आले. ६ भागिले ४, दीड ॲम्पिअर. तेवढा प्रवाह क्षणभर सोसणारा आणि त्याच्या निम्मा सतत देणारा ड्रायव्हर तुम्हाला हवा आहे. काळ्या मार्करने तो आकडा मोटरीच्या पिवळ्या अंगावर लिहा, आणि दुकानात जाताना ती मोटर खिशात घालून जा.